पारपत्र होते, नागरिकत्व नव्हते

१८५९ हे वर्ष सरत असताना सारा पार्कर रिमंड लंडनमधील अमेरिकी वकिलातीत गेल्या. त्यांना पॅरिसला जायचे होते आणि त्यासाठी पारपत्रावर वकिलातीचा शेरा आवश्यक होता. पारपत्र अमेरिकेच्याच शासनाने दिलेले, रीतसर. तरीही शेरा नाकारण्यात आला. कारण एकच, सारा कृष्णवर्णीय होत्या. ड्रेड स्कॉट खटल्यात आफ्रिकी वंशाचे लोक अमेरिकेचे नागरिक ठरत नाहीत, असा निर्वाळा तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८५७ मध्ये दिला होता. नागरिकत्व नाही, तेव्हा शेराही नाही, ही वकिलातीची भूमिका. साराबाईंनी मुकाट्याने परत न फिरता लेखी जाब विचारला. तो पत्रव्यवहार ब्रिटिश वृत्तपत्रांत छापून आला आणि स्वातंत्र्याचा डंका पिटणाऱ्या देशाच्या राजदूतावर भर लंडनमध्ये खुलासे करण्याची पाळी आली.

असा नकार त्यांना नवा नव्हता. मॅसॅच्युसेट्समधील सेलम गावी १८२६ मध्ये त्यांचा जन्म झाला. रिमंड कुटुंब गुलाम नव्हते. वडिलांचा मेजवान्या पुरवण्याचा व्यवसाय चांगला चालत असे. पण १८३५ मध्ये रिमंडांच्या मुलींना केवळ वर्णामुळे गावच्या शाळेतून काढण्यात आले आणि त्यांच्या शिक्षणासाठी घरदार न्यूपोर्टला हलवावे लागले. १८५३ मध्ये बोस्टनच्या एका नाट्यगृहात, हाती तिकीट असताना, सारांना कृष्णवर्णीयांसाठी राखलेल्या जागेवर बसण्यास सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला, तेव्हा त्यांना धक्के देऊन बाहेर काढले. जिन्यावरून पडून त्या जखमी झाल्या. त्यांनी दावा लावला आणि ५०० डॉलरची भरपाई मिळवली.

गुलामगिरीविरुद्ध व्याख्याने देण्यासाठी डिसेंबर १८५८ मध्ये त्या बोस्टनहून निघाल्या आणि ऐन हिवाळ्यातला समुद्र ओलांडून जानेवारीत लिव्हरपूलला उतरल्या. पुढे इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंडमधील सभागृहे त्यांनी गाजवली. गुलाम स्त्रियांवर मालकांकडून होणारे लैंगिक अत्याचार त्या भर सभेत बोलून दाखवत. व्हिक्टोरियन श्रोत्यांपुढे एका स्त्रीने हे बोलणे ही साधी गोष्ट नव्हती. मँचेस्टरमध्ये तर त्यांनी थेट कापसालाच हात घातला. तेथील गिरण्यांना लागणारा कापूस गुलामांच्या फुकटच्या श्रमातून येतो, हे त्यांनी गिरणीच्या गावातच जाऊन सांगितले. (अमेरिकी यादवीत पुढे हाच कापूस थांबला, लँकेशायरने मुंबईकडे मोर्चा वळवला आणि मुंबईच्या कापूसबाजारात पैशाचा पूर आला.)

व्याख्यानांच्या धबडग्यात शिक्षणाची भूक मात्र मागे पडली नाही. १८५९च्या ऑक्टोबरात त्यांनी लंडनच्या बेडफर्ड कॉलेजात नाव घातले. मुलींच्या उच्च शिक्षणासाठी निघालेली ती संस्था. शाळेतून हाकलले गेल्याला तेव्हा जवळपास पाव शतक लोटले होते.

१८६५ मध्ये त्यांनी ब्रिटिश नागरिकत्व घेतले. वकिलातीने दिलेल्या नकाराला याहून रोखठोक उत्तर दुसरे कोणते असणार? लगेच दुसऱ्या वर्षी, वयाच्या चाळिशीत, त्या फ्लॉरेन्सला गेल्या आणि सांता मारिया नुओवा या जुन्या रुग्णालयात वैद्यकाचे शिक्षण घेऊ लागल्या. परकी भाषा, नवे शास्त्र आणि सोबतचे विद्यार्थी बहुधा निम्म्या वयाचे. शिक्षण पुरे करून त्यांनी तेथेच वैद्यकीय व्यवसाय केला. १८७७ मध्ये लाझारो पिंतोर या इटालियन गृहस्थांशी त्यांचा विवाह झाला. त्यांच्या बहिणीही पुढे इटलीत येऊन राहिल्या. १८८७ मध्ये फ्रेडरिक डग्लस रोमला आले, तेव्हा या मंडळींची भेट झाली.

अमेरिकेत गुलामगिरी संपली, संविधानात दुरुस्ती होऊन कृष्णवर्णीयांना नागरिकत्वही मिळाले. सारा मात्र तेथे कायमच्या परतल्या नाहीत. १३ डिसेंबर १८९४ रोजी त्यांचे निधन झाले. रोमच्या प्रोटेस्टंट दफनभूमीत, जेथे कीट्स आणि शेली यांचीही थडगी आहेत, तेथे त्यांना मूठमाती देण्यात आली.