विश्लेषण : वाघ, रानगवा, काळवीट... सगळ्यांसाठी एकच रायफल? मध्य प्रांतातील कॅप्टन फोर्सिथ यांनी कोणते उत्तर शोधले होते?

मोठ्या जनावरांच्या शिकारीसाठी एकच रायफल घ्यायची, तर ती कोणत्या कॅलिबरची, हा वाद शिकारीला परवानगी असलेल्या देशांत आजही सुरू आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो जवळपास निकाली काढला. मात्र नागपूर ही नव्या मध्य प्रांताची राजधानी झाली, त्या सुमारास इथल्या जंगलात नोकरीला आलेल्या एका स्कॉटिश तरुणाने या प्रश्नावर सबंध ग्रंथ लिहिला होता. पचमढीचा शोध लावणारा अशी ज्यांची ओळख पर्यटकांना करून दिली जाते, तेच हे कॅप्टन जेम्स फोर्सिथ.

फोर्सिथ कोण होते?

फोर्सिथ यांचा जन्म १८३८ चा. विद्यापीठाचे शिक्षण घेऊन ते भारतात आले आणि बंगालच्या लष्करी सेवेतून वन खात्यात गेले. नागपूरकर भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केले होते. ते राज्य आणि सागर-नर्मदेचा मुलूख जोडून १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला. पुढच्याच वर्षी रिचर्ड टेंपल यांनी प्रांताची सूत्रे हाती घेतली. सातपुड्याच्या रांगांत काय आहे, किती साग आहे, किती साल आहे, याचा सरकारला नीट पत्ता नव्हता. रेल्वे येऊ घातली होती आणि तिला स्लीपर हवे होते. फोर्सिथ यांना जंगलात पाठवले गेले ते मुख्यतः यासाठी. १८६२ च्या जानेवारीत ते पचमढीच्या पठारावर चढले आणि तिथे त्यांनी मुक्कामासाठी बांधलेले घर ‘बायसन लॉज’ म्हणून आजही उभे आहे. (बायसन हा शब्द तसा चुकीचाच. इथला प्राणी रानगवा, म्हणजे गौर. बायसन अमेरिकेत आणि युरोपात.)

बंदुकीच्या इतिहासात आणखी एक फोर्सिथ आहेत. ठिणगीच्या चापाऐवजी आघाताने पेटणाऱ्या दारूचा शोध लावणारे पाद्री अलेक्झांडर फोर्सिथ. तेही स्कॉटलंडचेच, पण ते वेगळे.

रायफलीवर पुस्तक लिहिण्याची गरज का वाटली?

‘द स्पोर्टिंग रायफल अँड इट्स प्रोजेक्टाइल्स’ हे पुस्तक १८६३ मध्ये लंडनमध्ये निघाले. लेखकाचे वय अवघे पंचविशीतले. तेव्हा रायफलींची दुनिया सैन्याच्या मागे धावत होती. १८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड आली होती. तिची निमुळती, लांबट गोळी गोल गोळीपेक्षा कितीतरी दूर जात असे. बंदूकवाले तोच नमुना शिकाऱ्यांना विकू लागले होते. पाचशे यार्डांवरच्या निशाणावर किती गोळ्या लागल्या, यावर रायफलीची किंमत ठरे.

फोर्सिथ यांचा आक्षेप नेमका इथे होता. जंगलात पाचशे यार्ड दिसतच नाही. बांबूच्या बेटात रानगवा समोर येतो तो तीस-चाळीस पावलांवर. वाघ नाल्याच्या काठाने निघतो आणि दोन क्षणांत गवतात शिरतो. मैदानावरचे काळवीट सोडले, तर मध्य भारतातली बहुतेक शिकार शंभर-दीडशे यार्डांच्या आतली. तिथे अंतर मोजायला वेळ नसतो, ते अंदाजाने धरावे लागते आणि झाडीत हा अंदाज हमखास चुकतो.

एनफिल्डची गोळी सुमारे ३४ ग्रॅमची जड आणि तिच्यामागे दारू कमी, त्यामुळे ती संथ जाई आणि तिचा मार्ग कमानीसारखा वाके. शंभर यार्ड धरून नेम घेतला आणि जनावर प्रत्यक्षात दीडशे यार्डांवर निघाले, तर गोळी साधारण हातभर खाली पडे. हातभर म्हणजे छातीऐवजी पाय.

‘बोअर’ म्हणजे काय?

पुढचे समजण्यासाठी हा हिशेब माहीत हवा. एक पौंड शिशाच्या सारख्या आकाराच्या बारा गोल गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत बसते ती बारा बोअर. त्यामुळे आकडा वाढतो तशी नळी अरुंद होते. आठ बोअर ही बारापेक्षा मोठी. आज पोलिसांच्या पत्रकांत ‘३१५ बोअर’ असे सर्रास येते, पण तो आकडा इंचाच्या हजाराव्या भागांचा असतो. खरीच तीनशे पंधरा बोअरची बंदूक केली, तर तिच्यात वाटाण्याएवढी गोळी जाईल.

फोर्सिथ यांची निवड कोणती होती?

गोल गोळी आणि मोठी नळी. त्यांच्या मांडणीत चौदा बोअरचा नमुना मध्यवर्ती आहे. तिची गोळी साधारण १७.६ मिलिमीटर व्यासाची आणि ३२ ग्रॅमच्या आसपास वजनाची. वजनात एनफिल्डच्या गोळीपेक्षा थोडी कमीच, पण तिने पडणाऱ्या भोकाचे क्षेत्रफळ सुमारे दीडपट.

खरी कल्पकता नळीच्या आतल्या आट्यांत होती. रायफलीच्या नळीत पिळदार खाचा असतात, त्यांनी गोळीला फिरकी मिळते आणि ती सरळ जाते. लांबट गोळी हवेत कलंडू नये म्हणून तिला जोराची फिरकी लागते. गोल गोळीला ती फारशी लागत नाही. शिकारी रायफलीत मात्र पीळ नको तितका घट्ट ठेवलेला असे. अशा नळीत दारू वाढवली की मऊ शिशाची गोळी खाचांत न फिरता त्यांच्यावरून घसरून सरळ बाहेर पडे आणि नेमाचा सत्यानाश होई. मग लोक दारू कमी करत, वेग घटे आणि पुन्हा तीच कमान.

फोर्सिथ यांनी पीळ सैल केला. चौदा बोअरसाठी १०४ इंचांत एक फेरा. एनफिल्डमध्ये तो ७८ इंचांत होता. २६ इंची नळी धरली, तर फोर्सिथ यांच्या रायफलीत गोळी बाहेर पडेपर्यंत जेमतेम पाव फेरा घेते. एवढी फिरकी गोल गोळीला पुरते. आता दारू बिनधास्त वाढवता आली, वेग वाढला, जवळच्या टप्प्यात गोळीचा मार्ग बराच सपाट झाला आणि अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी गोळी मर्मावर लागण्याची शक्यता वाढली. गोल गोळीचा वेग हवेत लवकर ओसरतो, त्यामुळे दूरवर ती निकामी. पण तो तोटा फोर्सिथ यांनी जाणूनबुजून पत्करला होता. काळवीट हातचे गेले तरी चालेल, जखमी रानगवा परवडणार नाही.

जखमी जनावराचा एवढा धसका का?

कारण रायफल तोंडाकडून भरायची होती. दारू, कापडी चकती, गोळी, गजाने ठासणे, मग टोपी चढवणे. दुनळी असली तर दोन बार, त्यानंतर हातात फक्त काठी म्हणायची. रानगव्याचा नर आठशे-हजार किलोपर्यंत भरतो, वाघ दोनशेच्या आसपास. गोळी चुकीच्या जागी लागली, तर जनावर झुडपात शिरते आणि त्याचा माग काढत पुढे कोणीतरी जावे लागते. साहेबाच्या शिकारीच्या वर्णनांत हे ‘कोणीतरी’ बहुधा ओझरते येते. प्रत्यक्षात रक्ताचे थेंब बघत सर्वांत पुढे पायी चालणारा माणूस गोंड किंवा कोरकू असे, त्याच्या हातात फार तर कुऱ्हाड. हाक्याला आलेल्यांचेही तेच. कॅलिबर चुकले, तर त्याची किंमत आधी हे लोक मोजत.

या माणसांकडे फोर्सिथ यांची नजर मात्र साम्राज्याच्या अधिकाऱ्याचीच राहिली. डोंगरउतारावर झाडे तोडून, जाळून राखेत पेरणी करण्याची त्यांची पद्धत त्यांना जंगलाची नासाडी वाटे. रेल्वेसाठी होणाऱ्या तोडीचा हिशेब सरकारी कामात जाई. त्याच वेळी, नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी जमवलेली गोंडांची लिंगोची कथा त्यांनी इंग्रजी पद्यात बसवून आपल्या पुस्तकात घेतली. दोन्ही गोष्टी एकाच माणसात होत्या.

हे उत्तर किती काळ टिकले?

फार नाही. मागून भरायच्या, काडतुसाच्या बंदुका आल्या आणि ‘एक्स्प्रेस’ रायफलींनी हलकी लांबट गोळी व भरपूर दारू असा मेळ घातला. सपाट मार्ग हे फोर्सिथ यांचेच उद्दिष्ट, पण अरुंद नळीतून. शतकाच्या अखेरीस धूरविरहित दारूने वेग इतका वाढवला की बोअरचा जुना हिशेबच मागे पडला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश सरकारने भारतात ०.४५० इंच कॅलिबरवर बंदी घातली, कारण तिची काडतुसे लष्करी मार्टिनी-हेन्रीच्या कामी येण्याची भीती होती. लंडनच्या कारागिरांनी लगेच ०.४७० आणि ०.४६५ पुढे केल्या. १९१२ मध्ये हॉलंड अँड हॉलंडची ०.३७५ मॅग्नम आली. १९ ग्रॅमची गोळी, सेकंदाला साडेसातशे मीटरहून अधिक वेग. चितळापासून रानगव्यापर्यंत एकच रायफल, या प्रश्नाला तिच्याइतके सर्वमान्य उत्तर नंतर मिळाले नाही. फोर्सिथ यांच्या गोळीच्या जवळपास निम्म्या व्यासाची आणि बरीच हलकी गोळी तेच काम करू लागली, कारण तिच्यामागचा वेग वेगळा होता.

फोर्सिथ यांचे पुढे काय झाले?

ते निमाडचे बंदोबस्त अधिकारी आणि डेप्युटी कमिशनर झाले. जमीन महसुलाची मोजणी हे त्यांचे अखेरचे मोठे सरकारी काम. त्यापूर्वी १८६२ ते १८६४ या काळात ते अमरकंटकपर्यंत आणि छत्तीसगडच्या सालवनांपर्यंत फिरून आले होते. त्या भटकंतीवरचे ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ १८७१ मध्ये प्रसिद्ध झाले, पण लेखक ते पाहायला उरले नाहीत. त्याच वर्षी, वयाच्या तेहतिशीच्या आसपास, त्यांचे निधन झाले.

सैल पिळाची रायफल अजून पूर्ण विस्मरणात गेलेली नाही. तोंडाकडून भरायच्या जुन्या बंदुका हौसेने चालवणारे अमेरिकेतले लोक ‘फोर्सिथ रायफलिंग’ हा शब्द आजही वापरतात. पचमढीच्या बायसन लॉजमध्ये वन विभागाचे संग्रहालय आहे.