मधमाशीच्या पोटातल्या एका रोगाने नाझींच्या काळात शास्त्रज्ञाची खुर्ची वाचवली होती

जानेवारी १९४१. दुसरं महायुद्ध जोरात सुरू आहे. म्युनिक विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र संस्थेचे प्रमुख कार्ल फॉन फ्रिश यांना शिक्षण मंत्रालयाकडून कळवण्यात येतं की तुमची नोकरी संपली, तुम्हाला सक्तीने निवृत्त करण्यात येत आहे.

वय ५४. गैरव्यवहार नाही, कामात कुचराई नाही. मग गुन्हा काय? तर त्यांच्या आईची आई मूळच्या ज्यू कुटुंबातली होती. आजीने धर्म कधीच बदलला होता, नातू कॅथलिक म्हणून वाढला होता, पण नाझींच्या कायद्याला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. चार आजी-आजोबांपैकी एक ज्यू, म्हणजे माणूस पाव ज्यू, आणि पाव ज्यू माणसाला सरकारी विद्यापीठात प्राध्यापक म्हणून जागा नाही.

हेच फ्रिश पुढे मधमाश्यांची नाचाची भाषा उलगडतात आणि १९७३ साली नोबेल मिळवतात. शाळेच्या पुस्तकात त्यांच्या वाट्याला जेमतेम एखादी ओळ येते. पण १९४१ ते १९७३ या प्रवासात त्यांच्या मदतीला कोण धावून आलं, ते त्या ओळीत नसतं. त्याचं नाव नोसेमा. माणूस नाही, मधमाशीच्या आतड्यात राहणारा परजीवी.

थोडं मागे जाऊ.

फ्रिश यांचा जन्म २० नोव्हेंबर १८८६ चा, व्हिएन्नातला. वडील सर्जन, मामा नावाजलेले शरीरक्रियाशास्त्रज्ञ, आणि घरात चार भावांत हा सगळ्यात धाकटा. लहानपणापासून प्राणी पाळायचा नाद. ऑस्ट्रियातल्या वोल्फगांग तलावाकाठी ब्रुनविंकल नावाच्या ठिकाणी आईने एक जुनी पाणचक्की घेतली होती. उन्हाळ्यात सगळं कुटुंब तिथे जायचं. हे ठिकाण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

घरच्या वळणाप्रमाणे त्यांनी आधी मेडिकलला प्रवेश घेतला. पण मन रमेना, म्हणून ते प्राणिशास्त्राकडे वळले. तरुण वयातच त्यांनी एका बड्या नावाशी पंगा घेतला. कार्ल फॉन हेस हे डोळ्यांचे मोठे तज्ज्ञ. मासे आणि कीटक यांना रंग दिसतच नाहीत, असं त्यांचं ठाम मत. फ्रिशना हे पटेना. मधमाशीला रंगच दिसत नसतील तर फुलांनी एवढा नटण्याचा खटाटोप कुणासाठी करायचा?

त्यांनी केलेला प्रयोग इतका साधा आहे की आपल्यालाही गच्चीवर करता येईल. निळ्या कागदावर साखरपाण्याची बशी ठेवायची आणि माश्यांना त्याची सवय लावायची. मग तो निळा कागद करड्या रंगाच्या फिक्या-गडद कागदांच्या गर्दीत ठेवायचा, पण साखरपाण्याशिवाय. माशी रंगांधळी असेल तर तिचा गोंधळ उडायला हवा, कारण एखादा करडा कागद निळ्याइतकाच उजळ असणारच. माश्या थेट निळ्यावर येऊन बसल्या. १९१४ मध्ये हे संशोधन छापून आलं.

१९१९ मध्ये म्युनिकला संस्थेच्या अंगणात काचेच्या पेटीतलं पोळं बघताना त्यांना माश्यांचा नाच दिसला. अन्न सापडलेली माशी परत आली की पोळ्यावर गोल गोल फिरते आणि बाकीच्या कामकरी माश्या उत्तेजित होऊन बाहेर पडतात. माशी ओळखता यावी म्हणून ते प्रत्येकीच्या पाठीवर रंगाचे ठिपके द्यायचे. ठिपक्याचा रंग आणि जागा यावरून नंबर ठरायचा, क्रिकेटच्या जर्सीसारखा. फ्रिशनी निष्कर्ष काढला की गोल नाच म्हणजे मकरंद आणि शेपटी हलवत केलेला नाच म्हणजे पराग. हा निष्कर्ष चुकीचा होता आणि पुढची वीसेक वर्षं तो तसाच राहिला.

१९२५ मध्ये ते म्युनिकला प्राध्यापक म्हणून परतले. अमेरिकेच्या रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशातून संस्थेची नवी इमारत उभी राहिली. सगळं मार्गी लागतंय असं वाटत असतानाच १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला.

आता नाझी समर्थक प्राध्यापक आणि विद्यार्थी त्यांच्या मागे लागले. हा माणूस ज्यू सहकाऱ्यांना सांभाळून घेतो, याला नव्या जर्मनीबद्दल आस्था नाही, अशा तक्रारी वर जाऊ लागल्या. वंशावळीचे कागद खणले गेले. त्याचा शेवट म्हणजे जानेवारी १९४१ चा तो आदेश.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण फ्रिशच्या गोष्टी सांगताना ती बहुतेक वेळा गाळली जाते. १९३६ मध्ये त्यांनी सामान्य वाचकांसाठी जीवशास्त्राचं एक लोकप्रिय पुस्तक लिहिलं. त्यात वंशसुधारणेचा, म्हणजे कुणी मुलं जन्माला घालावीत आणि कुणी घालू नयेत या विचाराचा पुरस्कार करणारा मजकूर आहे. तो विचार त्या काळी जर्मनीबाहेरही चलनात होता, हे खरं. पण १९३६ च्या जर्मनीत तो छापण्याचा अर्थ वेगळा होतो. ज्या व्यवस्थेच्या भाषेला त्यांनी पानं दिली, तीच पाच वर्षांनी त्यांच्या आजीची जन्मनोंद घेऊन दारात उभी राहिली. त्यांना निव्वळ हिरो करणं मला तरी जमत नाही.

तर आदेश आला. सहकाऱ्यांनी धावाधाव केली, नावाजलेल्या शास्त्रज्ञांनी शिफारशी केल्या. पण खरी कलाटणी मिळाली ती मधपाळांच्या पेट्यांमधून.

१९४० पासून जर्मनीत मधमाश्या पटापट मरत होत्या. दोन-तीन वर्षांत लाखो वसाहती संपल्या. कारण होतं नोसेमा एपिस. एन्नो नव्हे, एनोख त्सांडर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १९०९ मध्ये त्याला हे नाव दिलं होतं. हा एकपेशीय जीव. आधी त्याची गणना आदिजीवांत व्हायची, आता तो बुरशीच्या जवळचा मानला जातो.

तो मारतो कसा, ते भयंकर इंटरेस्टिंग आहे. त्याचे सूक्ष्म बीजाणू अन्नातून किंवा साफसफाई करताना माशीच्या पोटात जातात. मधल्या आतड्यात पोचल्यावर बीजाणूच्या आत गुंडाळून ठेवलेली बारीक नळी सपकन बाहेर येते आणि आतड्याच्या पेशीत घुसते. त्या नळीतून बीजाणूतला ऐवज पेशीत ओतला जातो. इंजेक्शनच म्हणा ना. आत तो वाढतो, पेशी फुटते, आणि नव्या बीजाणूंची फौज विष्ठेतून बाहेर पडते.

निरोगी माशी पोळ्यात कधीच घाण करत नाही. हिवाळ्यात महिनोन्‌महिने ती पोट आवळून बसते आणि ऊन पडलं की बाहेर उडून मोकळी होते. पण हिवाळा लांबला आणि त्यात नोसेमा झाला की तिला ते धरवत नाही. पोळं आतूनच बरबटतं. दुसऱ्या माश्या ते साफ करायला जातात आणि त्यांनाही लागण होते. शिवाय पिल्लांसाठी खाद्य तयार करणाऱ्या तरुण माश्यांच्या ग्रंथी सुकतात. नव्या पिढीला भरवायला कुणी उरत नाही आणि वसंत ऋतू उजाडता उजाडता पेटी रिकामी होते.

नाझी सरकारला याचं काय पडलं होतं? मध हा किरकोळ मुद्दा. फळबागा, तेलबिया, जनावरांच्या चाऱ्याचं बियाणं, या सगळ्याला परागीभवन लागतं. युद्धात देश अन्नाला आणि तेला-तुपाला मोताद होऊ लागलेला असताना माश्या मरणं परवडणारं नव्हतं. अन्न मंत्रालयाने फ्रिशवर नोसेमाच्या संशोधनाचं काम सोपवलं. सोबत आणखी एक काम होतं. विशिष्ट फुलाचा वास दिलेलं साखरपाणी पाजून माश्यांना हव्या त्या पिकाकडे वळवायचं. सोव्हिएत संघात असे प्रयोग चालू होते, म्हणून जर्मनीलाही ते हवे होते.

मग १९४२ च्या उन्हाळ्यात हिटलरचा उजवा हात मार्टिन बोरमन याच्या कार्यालयातून निर्णय आला. फ्रिशची निवृत्ती युद्ध संपेपर्यंत पुढे ढकलण्यात येत आहे. रद्द नाही, फक्त पुढे ढकललेली. आधी माश्या वाचवा, तुमच्या आजीचं नंतर बघू, असाच त्याचा अर्थ.

गंमत अशी की नोसेमावर खात्रीचा इलाज त्या काळात सापडलाच नाही. तो आला १९५० च्या दशकात, फ्युमाजिलीन या बुरशीपासून मिळणाऱ्या औषधाच्या रूपात, आणि त्याचा फ्रिशच्या प्रयोगशाळेशी संबंध नव्हता.

१९४४ मध्ये बॉम्बहल्ल्यात म्युनिकमधलं त्यांचं घर गेलं, संस्थेचीही मोडतोड झाली. फ्रिश माश्या घेऊन ब्रुनविंकलला आले, आईच्या त्या जुन्या पाणचक्कीपाशी. इथे सहकारी रूथ बॉयटलर यांच्या निरीक्षणांनी वीस वर्षांपूर्वीची चूक उघडी पाडली. लांब ठेवलेल्या साखरपाण्यावरून परतलेल्या माश्यासुद्धा शेपटी हलवत नाचत होत्या. म्हणजे प्रश्न मकरंद की पराग हा नव्हताच, प्रश्न अंतराचा होता. आधीच्या प्रयोगांत बशी पेटीजवळ ठेवलेली असायची, म्हणून ते लक्षातच आलं नव्हतं.

१९४५ च्या उन्हाळ्यात, जर्मनी हरलेला असताना, दिशेचं कोडंही सुटलं. उभ्या पोळ्यावर सरळ वर केलेला नाच म्हणजे सूर्याच्या दिशेने जा. सरळ रेषेपासून उजवीकडे ४० अंश कललेला नाच म्हणजे सूर्याच्या उजवीकडे ४० अंशांवर. शेपटी जितका जास्त वेळ हलवली तितकं अंतर जास्त, ढोबळमानाने सेकंदाला एक किलोमीटर. आणि हे सगळं पेटीतल्या मिट्ट काळोखात. एका किड्याला इतकं जमतं, यावर अनेकांचा विश्वास बसला नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या एड्रियन वेनर यांनी जोरदार आक्षेप घेतला की माश्या वासानेच जातात. वाद बरीच वर्षं चालला. शेवटी १९८९ मध्ये नाचणारी यांत्रिक माशी बनवली गेली आणि खऱ्या माश्या तिने सांगितलेल्या दिशेला गेल्या. ते बघायला फ्रिश नव्हते.

मधल्या काळात मानसन्मान भरपूर मिळाले. बिजू पटनायक यांच्या देणगीतून सुरू झालेला युनेस्कोचा कलिंग पुरस्कार त्यांना १९५८ मध्ये मिळाला. त्यांचे शिष्य मार्टिन लिंडाउअर यांनी श्रीलंकेत येऊन आपल्याकडच्या आग्या, सातेरी आणि फुलोरी माश्यांचे नाच अभ्यासले. उघड्यावर आडवं नाचणारी फुलोरी थेट अन्नाच्या दिशेने बोट दाखवावं तशी नाचते, हे त्यातूनच कळलं. १९७३ चं नोबेल फ्रिशना कोनराड लोरेन्झ आणि निको टिनबर्गन यांच्यासोबत विभागून मिळालं. १२ जून १९८२ रोजी म्युनिकमध्ये त्यांचं निधन झालं.

नोसेमा मात्र अजून आहे. १९९६ मध्ये त्याची दुसरी जात नोंदवली गेली, नोसेमा सेराने. ती पहिल्यांदा सापडली आशियातल्या एपिस सेराना माशीत, म्हणजे महाबळेश्वरच्या मधपाळांच्या पेट्यांत असते त्या आपल्या सातेरीच्या जातीत. तिथून ती युरोपीय माश्यांमध्ये शिरली आणि आज जगभर पसरली आहे. जुन्या नोसेमासारखी ती हगवणीने पेटी बरबटवत नाही, त्यामुळे बाहेरून बघून कळत नाही. माशीचं पोट सूक्ष्मदर्शकाखाली घेऊनच बघावं लागतं.