गळा आणि गज : पंडित गजाननबुवा जोशी

हिंदुस्थानी संगीतात घराणे म्हणजे केवळ कुळ नव्हे. स्वर कसा लावावा, रागाची बढत कशी करावी, लयीशी कसे खेळावे याविषयी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली ती एक शिस्त असते. अशा शिस्तीत जन्म लाभणे हे भाग्य खरे; परंतु त्या भाग्यावर विसंबून न राहता पुन:पुन्हा विद्यार्थी होण्याचे कष्ट फार थोडे कलावंत पत्करतात. पंडित गजाननबुवा जोशी हे त्या थोड्यांपैकी एक होते. ख्यालगायक आणि व्हायोलिनवादक अशा दोन्ही नात्यांनी त्यांनी मैफली गाजवल्या. आणि या दोन्ही यशांचे मूळ त्यांच्या शिकत राहण्याच्या वृत्तीत होते.

गजाननबुवांचा जन्म 1911 साली मुंबईत झाला. आजोबा मनोहरबुवा गायक होते. वडील अनंत मनोहर जोशी, म्हणजेच अंतूबुवा, हे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य. ग्वाल्हेरची ख्यालगायकी कष्टाने आत्मसात करून ती महाराष्ट्रात रुजविण्याचे श्रेय बाळकृष्णबुवांना दिले जाते. विष्णु दिगंबर पलुसकर हेही त्यांचेच शिष्य. म्हणजे अंतूबुवा आणि पलुसकर हे गुरुबंधू. पुढे अंतूबुवा सातारा जिल्ह्यातील औंध संस्थानात दरबारी गायक झाले. कलासक्त राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या त्या संस्थानात गाण्याला मानाचे स्थान होते. 1955 साली अंतूबुवांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला.

गजाननबुवांचे पहिले गुरू वडीलच. ग्वाल्हेर परंपरेत बंदिशीला फार महत्त्व असते. अस्थायी आणि अंतरा स्वच्छ मांडावेत, रागाचे रूप बंदिशीतूनच उलगडावे, आलाप, बोल आणि ताना यांचा तोल ढळू देऊ नये, असा या गायकीचा आग्रह. या तालमीने मुलाच्या मनात रागाचा नकाशा पक्का केला. पुढे जे जे शिकले, ते या पायावर उभे राहिले.

या पायाची खरी कसोटी लागली ती व्हायोलिनवर. हे वाद्य युरोपातून आले. दक्षिणेने ते एकोणिसाव्या शतकातच आपलेसे केले होते. परंतु उत्तरेत गायकाच्या मागे सारंगी किंवा हार्मोनियम असे, आणि व्हायोलिनवर ख्याल वाजविण्याची रुळलेली परंपरा तेव्हा नव्हती. व्हायोलिनला पडदे नसतात. बोट केसभर सरकले तरी स्वर ढळतो. पण हीच अडचण आपल्या संगीतासाठी वरदानही ठरते, कारण एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर अखंड मींड घेता येते. आपल्याकडे वादक मांडी घालून बसतो आणि वाद्याचे टोक पायावर टेकवतो. त्यामुळे वाद्य सावरण्याच्या भारातून डावा हात मोकळा होऊन तारांवर सहज फिरतो. गायकाच्या श्वासाचे काम येथे गजाला करावे लागते. गज कोठे पालटावा, दाब कोठे कमी करावा, हे चुकले तर बंदिशीचा शब्द मध्येच तुटल्यासारखा वाटतो. गजाननबुवांनी गळ्यावर चढलेली गायकी गजावर उतरवली. त्यांच्या वादनात बंदिशीची अक्षरे जणू ऐकू येत, असे जाणकार मानीत. व्हायोलिनला स्वतंत्र वाद्य म्हणून मैफलीत मानाने बसविणाऱ्या आरंभीच्या वादकांत त्यांची गणना होते.

एवढ्यावर समाधान मानता आले असते. वडिलांचे नाव होते, परंपरा होती, हाती नवे वाद्य होते. परंतु गजाननबुवांची तहान भागली नाही. देशभर पायपीट करून विद्या मिळविलेल्या रामकृष्णबुवा वझे यांच्याकडे ते शिकले. जयपूर-अत्रौली घराण्याची पेचदार, आकारयुक्त गायकी त्यांनी अल्लादिया खाँसाहेबांचे पुत्र भूर्जी खाँ यांच्याकडून घेतली. आग्रा घराण्याचे विलायत हुसेन खाँ यांच्याकडून लयदार बोलांची विद्या मिळवली. आज हे सहज वाटेल. त्या काळी तसे नव्हते. घराण्याच्या अस्सलपणाला तेव्हा मोठी किंमत होती. नाव झालेल्या गायकाने दुसऱ्या घराण्याच्या उस्तादासमोर शिष्य म्हणून बसणे म्हणजे मिळविलेली प्रतिष्ठा बाजूला ठेवणे होते. शिवाय धोका असे तो निराळाच: तीन शैली एकमेकींत मिसळून तिन्हींचा तोंडवळा हरवण्याचा. गजाननबुवांनी तो टाळला. प्रत्येक घराण्याची बंदिश त्या घराण्याच्या चालीनेच मांडावी, ही शिस्त त्यांनी सोडली नाही.

आकाशवाणीच्या सेवेतही त्यांनी काही काळ काम केले. 1972 साली संगीत नाटक अकादमीने त्यांना पुरस्कार दिला. पित्यामागून पुत्रालाही हा सन्मान लाभला. मात्र पित्याला तो गायनासाठी मिळाला होता, तर पुत्राला व्हायोलिनवादनासाठी.

मिळविलेली विद्या त्यांनी हात राखून ठेवली नाही. उल्हास कशाळकर, पद्मा तळवलकर, वीणा सहस्रबुद्धे अशा शिष्यांनी त्यांची तालीम देशभर पोहोचवली. ग्वाल्हेर, जयपूर आणि आग्रा या तिन्ही गायकी वेगवेगळ्या ओळखू येतील अशा सामर्थ्याने मांडणारे कशाळकर ऐकताना गुरूच्या शिस्तीचा प्रत्यय येतो. अंतूबुवांनी आपले गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ 1940 साली औंधला सुरू केलेला संगीतोत्सवही गजाननबुवांनी निष्ठेने पुढे नेला.

1987 साली गजाननबुवांचे निधन झाले. दिल्लीकर मराठी माणसाला ही परंपरा परकी नाही. दीनदयाळ उपाध्याय मार्गावरील गांधर्व महाविद्यालय विनयचंद्र मौद्गल्य यांनी 1939 साली स्थापन केले. ते विनायकराव पटवर्धनांचे शिष्य आणि विनायकराव पलुसकरांचे. म्हणजे बाळकृष्णबुवांनी लावलेल्या वृक्षाचीच ही एक फांदी. लक्ष्मीबाई नगरातून तेथे गाणे शिकायला जाणारे मूल नकळत गजाननबुवांच्या गोतावळ्यात प्रवेश करते. त्या मुलाने आणि त्याच्या पालकांनी एवढे ध्यानी ठेवावे: वारसा घरातून मिळू शकतो, विद्या मात्र प्रत्येकाला नव्यानेच मिळवावी लागते, आणि ती मिळविण्यासाठी, नाव झाल्यानंतरही, दुसऱ्याच्या दारी शिष्य म्हणून उभे राहण्यात कमीपणा नसतो.