टिळकांचे शुभवर्तमान

कर्जत तालुका महाराष्ट्राला परिचित आहे तो सिद्धटेकच्या गणपतीमुळे, राशीनच्या देवीमुळे आणि पावसाने वारंवार दिलेल्या दग्यामुळे. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या या कोरडवाहू मुलखात दुष्काळाच्या आठवणी पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. त्या आठवणींबरोबरच जिल्ह्यातील ख्रिस्ती कुटुंबांविषयीचा एक शेराही टिकून राहिला आहे. हे लोक दुष्काळात पोटासाठी बाटले, असा तो शेरा. अमेरिकन मराठी मिशनचे काम नगरला १८३१ साली सुरू झाले. १८७६-७७ च्या आणि शतकाच्या अखेरच्या दुष्काळांत मिशनने भुकेल्यांना अन्न आणि पोरक्यांना आसरा दिला, आणि पुष्कळांनी बाप्तिस्मा घेतला, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु जे शुभवर्तमान त्यांच्या कानी पडले त्याचा अर्थ भाकरीपुरताच होता काय, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना याच जिल्ह्यात सुमारे दोन दशके वावरलेल्या एका पुरुषाचे चरित्र पाहावे लागते. ते म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी, चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील कठोर, आई कोमल आणि कवितेची आवड असलेली. ती लहानपणीच अंतरली आणि मुलाचे घराशी असलेले नाते तुटल्यासारखे झाले. नाशकास गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी संस्कृतचे अध्ययन झाले. पण एका ठिकाणी स्थिर राहणे त्यांच्या स्वभावात नव्हते. कधी शिक्षक, कधी कीर्तनकार, कधी ग्रंथसंपादनात साहाय्यक अशी कामे करीत ते गावोगाव फिरले. या भ्रमंतीत एकच ध्यास कायम होता. जातिभेदाने दुभंगलेल्या या देशाला एकत्र आणील असा धर्म त्यांना हवा होता. प्रचलित पंथांत तो सापडेना, तेव्हा स्वतःच नवा धर्म स्थापावा, इथपर्यंत त्यांची मजल गेली होती.

अशा मनःस्थितीत नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाशी त्यांची गाठ पडली. त्याने नवा करार हाती ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांनी ते हसण्यावारी नेले. पण पुस्तक उघडल्यावर डोंगरावरील प्रवचनापाशी ते थांबले आणि तेथून त्यांना हलता येईना. शत्रूवरही प्रेम करावे, दीनांनाच देवाचे राज्य मिळते, ही शिकवण त्यांना परकी वाटली नाही. तुकोबांनी जी वाट दाखविली तीच आपल्याला ख्रिस्तापर्यंत घेऊन आली, अशी त्यांची अखेरपर्यंत धारणा होती. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

येथे किंमत चुकती करण्यास आरंभ झाला. भाकरीसाठी धर्म बदलणाऱ्याला काही मिळते. टिळकांचे होते ते गेले. आप्तांनी संबंध तोडले. पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन माहेरच्या माणसांत राहिल्या आणि सुमारे पाच वर्षे हा संसार दुभंगलेला होता. त्या काळात लक्ष्मीबाईंनी काय सोसले, हे त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राच्या वाचकांस ठाऊक आहे. टिळकांच्या निर्णयाचे ओझे त्यांनी वाहिले, हे टिळकांचा गौरव करताना विसरता कामा नये. पुढे नगर जिल्ह्यात येऊन राहिल्यावरही त्यांनी आपला विटाळ-सोवळ्याचा आचार काही काळ कटाक्षाने पाळला. मग जाती देवाने केल्या नसून माणसांनी केल्या, हे त्यांना स्वतःच्या विचाराने उमगले, आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पतीने सांगितले म्हणून नव्हे, तर स्वतःला पटले म्हणून. शुभवर्तमान दुसऱ्याच्या वतीने स्वीकारता येत नाही, याचा याहून चांगला दाखला कोणता?

नगरला टिळक पाळकांच्या विद्यालयात शिकवीत, प्रवचने करीत, ‘ज्ञानोदया’त लिहीत. १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. मंडळ्यांमधून त्या वेळी इंग्रजी चालींवर बेतलेली गीते बरीच गायिली जात. टिळकांनी ओवी, अभंग आणि पद यांच्या रूपांत शेकडो गीते रचली. त्यांतील दोनशेहून अधिक मराठी ख्रिस्ती उपासनेत स्थिरावली. टाळ-मृदंगासह म्हणावयाची भजने आणि कीर्तने यांतून ख्रिस्तचरित्र मराठी श्रोत्यांपुढे उभे राहिले. गोव्यात फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली ‘क्रिस्तपुराण’ प्रसिद्ध करून जी वाट पाडली होती, तिच्यावर टिळकांनी १९०९ साली ‘ख्रिस्तायन’ आरंभिले. त्यांच्या हातून दहा-अकरा अध्यायच झाले. उरलेल्या महाकाव्याचा बहुतेक भाग लक्ष्मीबाईंनी रचला. एके काळी नवऱ्याच्या धर्मांतराने उद्ध्वस्त झालेल्या स्त्रीने त्याचे अपुरे ख्रिस्तचरित्र पुढे न्यावे, ही घटना पुष्कळ काही सांगून जाते.

तरीही टिळक स्वस्थ नव्हते. परदेशी मिशनचा पगारी नोकर म्हणून ख्रिस्ताची साक्ष देताना ती साक्ष पगाराने उणी होते, ही बोच त्यांना लागून राहिली होती. १९१७ साली, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, त्यांनी वेतन सोडले. साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापून बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा सर्व ख्रिस्तभक्तांना त्यांनी एका बंधुसंघात बोलाविले. हा प्रयोग फुलण्यापूर्वीच ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचा अंत झाला. आपल्या देहाला अग्नी द्यावा, अशी त्यांची इच्छा होती. तसेच झाले आणि अस्थी नगरला आणल्या गेल्या.

या चरित्रावरून कर्जतच्या मुलखातील त्या शेऱ्याला उत्तर देणे सोपे वाटते. पाहा, एक विद्वान ब्राह्मण पोटासाठी ख्रिस्ती झाला नाही, उलट त्याने पोटावर पाणी सोडले, असे म्हणता येईल. पण हे उत्तर अपुरे आहे, आणि थोडे अन्यायाचेही. टिळकांनी विचार केला आणि दुष्काळात आलेल्यांनी केला नाही, असे त्यात गृहीत धरलेले असते. ज्याला गावच्या विहिरीवर पाणी भरू दिले जात नव्हते, त्याला तू देवाचे लेकरू आहेस असे कोणी प्रथमच सांगितले, तर त्याच्यासाठी तीच सर्वांत मोठी बातमी नव्हे काय? भाकर घेतानाही तिच्याबरोबर आलेला मान त्याला कळत होता. टिळकांनी जे ग्रंथातून ओळखले, ते त्याने आपल्या जिण्यातून ओळखले.

मराठीने या संदेशाला ‘शुभवर्तमान’ म्हटले आहे. वर्तमान म्हणजे बातमी, आणि वर्तमान म्हणजे चालू काळही. आजोबा-पणजोबांनी ऐकलेली बातमी नातवंडांच्या जगण्यात चालू नसेल, तर ती इतिहासजमा होते. टिळकांची भजने आज मंडळ्यांतून आवडीने म्हटली जातात. पण ती म्हणणाऱ्यांतच सोयरीक जुळवताना पूर्वीची जात विचारली जात असेल, मंडळीच्या मालमत्तेपायी भाऊ भावाविरुद्ध कोर्टात उभा राहत असेल, तर टिळकांची चाल उरली आणि टिळक गेले, असे म्हणावे लागेल. पोटासाठी बाटले, या टोमण्याला चरित्रग्रंथ उत्तर देऊ शकत नाहीत. ते उत्तर प्रत्येक पिढीला आपल्या वागणुकीने द्यावे लागते. टिळकांनी आपल्या वाट्याचे दिले आहे.