दिव्यापलीकडची फ्लॉरेन्स नाइटिंगेल

फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटले की, रात्री हातात दिवा घेऊन जखमी सैनिकांच्या खाटांमधून फिरणारी परिचारिका डोळ्यांसमोर येते. मलाही तिची एवढीच ओळख होती. तिचे चरित्र वाचल्यावर मात्र त्या दिव्यापेक्षा तिने उघडायला लावलेल्या खिडक्या, उपसायला लावलेली गटारे आणि मांडलेले आकडे मला अधिक मोठे वाटू लागले.

तिचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरात एका श्रीमंत इंग्रज घराण्यात झाला. शहराचेच नाव तिला मिळाले. रुग्णसेवा हे त्या काळी घरंदाज मुलीचे काम मानले जात नसे, त्यामुळे घरातून कडाडून विरोध झाला. तिने हट्ट सोडला नाही. १८५१ मध्ये जर्मनीतील कायझर्सवर्थ येथे तिने शिक्षण घेतले आणि १८५३ मध्ये लंडनमधील एका लहान रुग्णालयाचा कारभार हाती घेतला.

पुढच्याच वर्षी ब्रिटन क्रिमियाच्या युद्धात उतरले. नोव्हेंबर १८५४ मध्ये ३८ परिचारिकांना घेऊन ती इस्तंबूलजवळच्या स्कुटारी येथील लष्करी रुग्णालयात पोहोचली. तिथल्या डॉक्टरांना या बायका नको होत्या. फ्लॉरेन्सने वाद घातला नाही. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय रुग्णाला हात लावायचा नाही, अशी शिस्त तिने आपल्या परिचारिकांना लावली. काही दिवसांतच जखमींची रीघ लागली आणि डॉक्टरांनी स्वतःहून त्यांना बोलावले.

त्यांनी जेवण, कपडे, अंथरूण, स्वच्छता सगळे सुधारले. तरीही त्या हिवाळ्यात मृत्यू वाढतच गेले. फेब्रुवारी १८५५ मध्ये दर शंभर रुग्णांमागे सुमारे ४२ जण दगावत होते, तेही बहुतेक जखमांनी नव्हे, तर रोगांनी. इमारतीखाली तुंबलेली गटारे होती आणि आत कोंदट हवा. मार्चमध्ये सरकारच्या स्वच्छता आयोगाने गटारे साफ केली, हवा खेळती केली. जूनपर्यंत हे प्रमाण शंभरात दोनवर आले.

युद्धानंतर फ्लॉरेन्सने हे आकडे तपासले. प्रेमाने केलेली सेवाही घाणेरड्या इमारतीपुढे हरते, हे सत्य तिने लपवले नाही. उलट रंगीत आकृत्या काढून ते सरकारपुढे मांडले. स्वतः आजारी पडून वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेली असतानाही तिचे काम थांबले नाही.

यातूनच तिचा रुग्णसेवेचा सिद्धांत तयार झाला. रोग बरा करते ती निसर्गाची शक्ती. तिच्या आड येणारे सगळे दूर करणे हे परिचारिकेचे काम. ताजी हवा, शुद्ध पाणी, सांडपाण्याचा निचरा, स्वच्छता आणि उजेड या पाच गोष्टी तिने पायाभूत मानल्या. १८५९ च्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’ या पुस्तकात तिने घरी आजाऱ्याची काळजी घेणाऱ्या साध्या स्त्रियांसाठी हे लिहिले. पुढच्याच वर्षी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात तिची परिचारिका शाळा सुरू झाली.

आपल्या देशाशीही तिचे नाते आहे. ती भारतात कधीच आली नाही. पण इथल्या लष्करी छावण्यांकडून प्रश्नावल्या भरून घेऊन तिने त्यांचा अभ्यास केला. १८६३ च्या अहवालानुसार भारतातील ब्रिटिश सैन्यात दर हजारी वर्षाला ६९ सैनिक मरत होते. कारणे तीच : दूषित पाणी, गटारांचा अभाव, दाटीच्या बराकी. सुधारणा झाल्यावर दहा वर्षांत हा आकडा १८ वर आला. बराकीतली स्वच्छतेची तपासणी आपल्याला कधी कधी कटकट वाटते. त्या तपासणीमागे किती जीव गेले आहेत, हे आता मला कळते.

तिच्या सूचना आजही आपल्या एम. आय. रूममध्ये तशाच लागू पडतात. रुग्णाच्या दाराशी कुजबुज करू नये, कारण त्याला वाटते की आपल्याबद्दलच काहीतरी चालले आहे. न खाल्लेले ताट उशाशी ठेवू नये. उगाच खोटा धीर देऊ नये. झोप चांगली लागली ना, असे विचारण्यापेक्षा किती तास आणि कोणत्या वेळी लागली, हे विचारावे. आणि सर्वांत महत्त्वाचे, आपण तिथे नसतानाही काम तसेच चालेल, अशी व्यवस्था लावून जावे. ड्यूटी बदलताना हे प्रत्येक कॅडेटने लक्षात ठेवण्यासारखे आहे.

१३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी तिचे निधन झाले. तिचा जन्मदिवस जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो. आता एखादा मित्र तापाने एम. आय. रूममध्ये पडला की मी त्याच्या खाटेवर बसत नाही. सिस्टरना विचारून आधी खिडकी उघडतो, पाण्याचा तांब्या भरून ठेवतो आणि मग, वॉर्डात शिरण्यापूर्वी जसे धुतले होते तसेच, निघताना पुन्हा हात धुतो.