एमा लिव्री : पाकोळी आणि ज्योत

पॅरिसच्या एका नर्तिकेचे चरित्र आपल्या स्मरणिकेत कशाला, असे काही भगिनींना वाटेल. मी मंडळाच्या शिवणवर्गात शिकवते, त्यामुळे कोणाचीही हकीगत वाचताना माझे लक्ष आधी वस्त्राकडे जाते. एमा लिव्रीच्या आयुष्यात तर वस्त्रानेच तिला कीर्ती दिली आणि वस्त्रानेच तिचा घात केला. म्हणून तिची ही ओळख.

एमाचा जन्म १८४२ साली पॅरिस येथे झाला. तिची आई ऑपेरात नाचणारी, पण फारशी नावाजलेली नव्हे. वडील सरदार घराण्यातले. त्यांनी आईशी लग्न केले नाही आणि मुलीला आईनेच वाढवले. मुलगी अंगाने अगदी सडपातळ होती. रूपाने ती देखणी नाही, अशी कुजबुज होत असे. पण १८५८ साली, सोळाव्या वर्षी, 'ल सिल्फीद' या बॅलेत ती प्रथम रंगभूमीवर आली आणि साऱ्या टीकाकारांची तोंडे बंद झाली. तिच्या पायांचा आवाज म्हणून होत नसे.

याच बॅलेत १८३२ साली मारी ताल्योनी हिने नवे युग सुरू केले होते. पायांच्या अंगठ्यांवर तोल सावरीत ती वायुकन्येसारखी तरंगे, आणि तिचा पांढरा, तलम, अनेक थरांचा झगा तिच्याभोवती धुक्यासारखा राही. तेव्हापासून असा झगा हाच बॅलेचा पोशाख ठरून गेला. नृत्यातून निवृत्त झालेली ताल्योनी एमाला पाहण्यासाठी मुद्दाम पॅरिसला आली, तिथेच राहून तिची गुरू झाली आणि १८६० साली तिने आपल्या शिष्येसाठी 'ल पापियों', म्हणजे 'पाकोळी', हा बॅले रचला. त्याचे संगीत ऑफेनबाखचे होते. त्यातील नायिका पाकोळी होऊन ज्योतीकडे झेपावते आणि तिचे पंख होरपळतात. पुढे काय होणार आहे, याची तेव्हा कोणाला कल्पना असणार!

आता त्या झग्याविषयी. शिवणकाम करणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक असते की जाड कापड सावकाश पेटते आणि विरळ विणीचे तलम कापड क्षणात. त्याच्या धाग्याधाग्यांत हवा असते. थरावर थर चढवले की मधल्या पोकळीतही हवाच राहते. त्या काळी रंगमंचावर उजेड असे तो गॅसच्या उघड्या ज्योतींचा. नर्तिका गिरकी घेई तेव्हा घेर फुलून त्या ज्योतींजवळ जाई. १८४४ साली लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात क्लारा वेब्स्टर ही तरुण नर्तिका अशीच भाजून मेली. १८६१ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे एकीचा पोशाख पेटला, तिला वाचवायला धावलेल्याही भाजल्या आणि अनेक मुली प्राणांस मुकल्या.

उपाय अगदीच नव्हता असे नाही. कार्तरों नावाच्या गृहस्थांनी तुरटीसारख्या क्षारांच्या पाण्यात कापड बुडवण्याची रीत काढली होती. असे कापड सहजी पेट घेत नसे. १८५९ साली फ्रान्सच्या बादशाही सरकारने रंगमंचावरील पडदे व पोशाख अशा रीतीने सुरक्षित करावेत, असा हुकूमही काढला. परंतु त्या पाण्यातून काढलेले कापड ताठ होई, मळकट दिसे आणि अंगाला बोचे. हवेत तरंगण्याचा भास तर त्याने पार नाहीसा होई. अनेक नर्तिकांनी ते नाकारले. एमाने १८६० साली संचालकांना लेखी कळवले की ती आपला नेहमीचाच झगा घालील आणि जे होईल त्याची जबाबदारी तिची स्वतःची राहील. संचालकांनी ते मान्य केले.

१५ नोव्हेंबर १८६२ रोजी ओबेरच्या 'ला म्युएत द पोर्तिची' या संगीतिकेची तालीम चालू होती. त्यातील फेनेला या मुक्या मुलीची भूमिका एमाकडे होती. आपल्या प्रवेशाची वाट पाहत ती बसली होती. झगा चुरगळू नये म्हणून तिने घेर जरा उचलून झटकला आणि त्याला शेजारच्या गॅसच्या ज्योतीची झळ लागली. पेटलेली एमा रंगमंचावर सैरावैरा धावली. एका बंबवाल्याने तिला धरून ज्वाळा विझवल्या, पण तोवर ती भयंकर भाजली होती. त्यानंतर आठ महिने तिने यातना सोसल्या आणि २६ जुलै १८६३ रोजी, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी, पॅरिसजवळच्या न्यॉयी येथे तिचे देहावसान झाले. माँमार्त्रच्या दफनभूमीत ती विसावली आहे. तिच्या पोशाखाचे जळके अवशेष पॅरिसच्या ऑपेरा-संग्रहालयात जपून ठेवले आहेत.

तिची हकीगत सांगताना पुष्कळजण तिच्या नटवेपणावर बोट ठेवतात. मला ते पटत नाही. तो झगा तिची हौस नव्हता. तिच्या कलेचे ते साधन होते. ताठ झग्यात नाचली असती तर ज्या तरलतेसाठी प्रेक्षक तिकीट काढीत, तीच हरवली असती. हुकूम निघाला, पण त्या ताठ कापडाऐवजी मऊ आणि सुरक्षित कापड कसे मिळेल, याची जबाबदारी कोणी घेतली नाही. उघड्या ज्योती दूर हलवण्याऐवजी अठरा वर्षांच्या मुलीची सही पुरेशी मानली गेली. ज्यांच्या हाती नाट्यगृह होते त्यांनी ती सही स्वीकारायलाच नको होती, असे मला वाटते.

आपल्या घरीही हेच चालते. शेगडीपाशी वावरणाऱ्या सुनेला पदर सांभाळ म्हणून सगळे बजावतात. पण ओटा नीट उंचीचा आहे का, शेगडीवरून हात घालून डबे काढावे लागतात का, हे कोण पाहतो? काम करणारीला दोष देण्याआधी तिच्या कामाची जागा सुधारावी, एवढे तरी एमाच्या स्मृतीसाठी आपण करू या.