जेऊरची दोन मिनिटं
सूर्याच्या चुंबकीय चक्राचं मॉडेल आज कॉम्प्युटरवर चालवतात. ते जमलंय का, हे ताडून बघायला मात्र जुन्या नोंदीच लागतात. अशा नोंदींसाठी झटलेला आपल्याकडचा माणूस म्हणजे कावसजी दादाभाई नायगमवाला (१८५७-१९३८). भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून त्यांनी पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे आताच्या सीओईपीत, वेधशाळा उभारली. दुर्बिणीचा आरसा तब्बल २० इंची! हरसूलहून तिथं शिकायला गेलेल्यांनो, विचारून बघा हे नाव किती जणांना ठाऊक आहे.

२२ जानेवारी १८९८ ला खग्रास ग्रहण होतं. कावसजी सामान घेऊन सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला गेले. हाताशी जेमतेम दोन मिनिटं. तेवढ्यात सूर्याभोवतीचा कॉरोना टिपायचा. त्याचा आकार साधारण ११ वर्षांच्या चक्राप्रमाणे बदलतो.

१९१२ ला ते रिटायर झाले आणि वेधशाळाच बंद पडली. दुर्बीण गेली कोडाईकनालला.